उसन्या बुद्धीचे पदवीधर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. या धोरणाने 'भारतीय ज्ञानप्रणाली' हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आणला. आर्यभट, सुश्रुत, पाणिनी, कौटिल्य ही नावे आपल्या मुलांच्या कानावर पडावीत, यासाठी राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी दोन-तीन पिढ्या आग्रह धरला होता. तो आग्रह फळाला आला, याचा आनंद रास्तच आहे.

परंतु आनंदाच्या भरात एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होत आहे. याच विषयाचा स्वाध्याय लिहिण्याची वेळ आली, की विद्यार्थी भ्रमणध्वनी काढतो, एक ओळ टंकित करतो आणि अर्ध्या मिनिटात कॅलिफोर्नियातील एखाद्या कंपनीचे यंत्र त्याला पाणिनीवर चार पानांचा नेटका निबंध लिहून देते. विद्यार्थी तो वाचत नाही. छापतो, बांधून घेतो आणि जमा करतो. प्राध्यापकांपुढे असे शंभर-सव्वाशे गठ्ठे असतात. तेही वाचत नाहीत, शेवटच्या पानावर सही करून गुण देतात. ज्याने लिहिले नाही त्याने दिले आणि ज्याने वाचले नाही त्याने तपासले! भारतीय ज्ञानपरंपरेचा गौरव करणारा निबंध परक्या यंत्राकडून लिहून घ्यायचा, याहून मोठा उपहास तो कोणता?

हे चित्र सर्व महाविद्यालयांचे नाही, सर्व विद्यार्थ्यांचे तर नाहीच. परंतु ज्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारे मूल आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

शब्दच निर्णय देतो

महाविद्यालयातील 'असाइनमेंट'साठी मराठीने जो शब्द योजला आहे, तो आहे 'स्वाध्याय'. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धड्याखाली तो छापलेला असतो. स्व म्हणजे आपण, अध्याय म्हणजे अध्ययन. योगशास्त्राने सांगितलेल्या पाच नियमांत स्वाध्यायाची गणना आहे. शिक्षण पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यातही स्वाध्यायात हयगय करू नये, असे तैत्तिरीय उपनिषद बजावते. म्हणजे पदवी मिळाल्यावरही जो सुटत नाही, तो स्वाध्याय. तोच जर पदवी मिळण्यापूर्वी यंत्राकडे सोपवला, तर त्याला स्वाध्याय कसे म्हणावे? तो पराध्याय झाला. नाव विद्यार्थ्याचे, हजेरी क्रमांक विद्यार्थ्याचा, बुद्धी मात्र उसनी.

येथे कोणी म्हणेल, 'तुम्हा मंडळींना नवे काही नकोच असते.' हा आक्षेप सर्वस्वी खोटा आहे. यंत्राला पाप मानणाऱ्या भोळसटपणावर विज्ञाननिष्ठ निबंधांतून कठोर प्रहार स्वातंत्र्यवीर सावरकरांनीच केले. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानव दर्शनावर चार व्याख्याने दिली. त्यांतही यंत्राचा निषेध नाही. यंत्र माणसाचे सहायक असावे, त्याचे प्रतिस्पर्धी होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह आहे. प्रश्न यंत्र वापरावे की नाही, हा नाहीच. मालक कोण आणि चाकर कोण, हा प्रश्न आहे. आणि ज्या वयात बुद्धी घडते, त्या वयात बुद्धीचेच काम चाकराकडे दिले, तर मालकी किती काळ टिकेल?

यंत्र काय करते?

या यंत्राविषयी आपल्या समाजात एक अंधश्रद्धा बळावत आहे. त्याला 'सगळे माहीत असते', असे सुशिक्षित घरांतही सहज बोलले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. अशी यंत्रे अब्जावधी पानांचा मजकूर पचवून, एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित मांडतात. त्या गणितातून वाक्ये तयार होतात. अनेकदा ती अचूक असतात, उपयुक्तही असतात. परंतु सत्य आणि सत्यासारखे दिसणारे यांतला भेद त्या गणिताला आपोआप कळत नाही. म्हणून कधी कधी ते यंत्र अस्तित्वात नसलेले पुस्तक, न झालेला लेखक आणि कोणत्याही न्यायालयाने न दिलेला निवाडा तितक्याच ठाम सुरात सांगते.

याची उदाहरणे न्यायालयांच्या दप्तरी आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी 'चॅट जीपीटी'ने रचलेले काल्पनिक निवाडे सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. अमेरिका दूर आहे, असे म्हणून सुटका नाही. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेली उत्तरे पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाला एका सरकारी खात्याला सांगावे लागले. शिकलेसवरलेले अधिकारी जेथे फसतात, तेथे अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची काय कथा?

मराठीच्या बाबतीत धोका अधिक आहे. यंत्राने पचवलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा अत्यल्प. आपली बखर, आपली पत्रे, आपली मोडी दप्तरे यांतले फार थोडे त्याच्यापर्यंत पोहोचले आहे. एखाद्या गडावर, एखाद्या संतावर, एखाद्या गावच्या देवस्थानावर प्रश्न विचारा. माहिती संपते तेथे यंत्र थांबेलच याची शाश्वती नाही. पुष्कळदा ते पुढे रचू लागते.

आणि येथे आपल्या परिवारातील मंडळींनाही चार शब्द ऐकवणे भाग आहे. यंत्राकडून संस्कृत श्लोक 'तयार' करून घ्यायचा, त्याला एखाद्या पुराणाचे नाव चिकटवायचे आणि 'आपल्या पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते' अशा मथळ्याखाली तो गटागटांत धाडायचा, हा उद्योग राष्ट्रकार्य नव्हे. तो परंपरेचा द्रोह आहे. खोट्या नाण्याने खजिना भरत नाही. उलट एक खोटे नाणे सापडले की खऱ्या नाण्यांविषयीही संशय उत्पन्न होतो. विरोधकांच्या हाती कोलीत देण्याचे हे काम आपल्याच हातांनी का करावे?

राजवाड्यांचा धडा

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. त्यासाठी हा मनुष्य गावोगाव हिंडला, वाड्यांच्या माळ्यांवर चढला, वाळवी लागलेली दप्तरे आणि कसर खाल्लेले रुमाल सोडून बसला. बखरी त्या काळी सहज मिळत होत्या. त्या वाचनीय होत्या, रसाळ होत्या, समाजाला प्रियही होत्या. राजवाड्यांनी प्रश्न विचारला: याला अस्सल कागदाचा आधार काय? बखर कितीही रंजक असली, तरी ती समकालीन पत्राच्या कसोटीवर उतरल्याशिवाय तिच्यावर विसंबायचे नाही, हा दंडक त्यांनी घालून दिला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, ती याच वृत्तीतून. इंग्रजीला मान असलेल्या त्या काळात राजवाडे लिहीत राहिले मराठीतच.

आजच्या यंत्राचा निबंध म्हणजे नवी बखर आहे. भाषा सफाईदार, ओघ सुरेख, आत्मविश्वास दांडगा; अस्सल कागद मात्र हाती नाही. बखर वाचू नये, असे राजवाड्यांचे म्हणणे नव्हते. ती तपासल्याशिवाय स्वीकारू नये, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राच्या जबाबदार वापराचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे. त्यासाठी परदेशी विद्यापीठांच्या नियमावल्यांचे उंबरठे झिजवण्याची गरज नाही.

फुकट पाजलेला चहा

हे यंत्र आपल्या मुलांच्या हाती कसे आले, तेही पाहिले पाहिजे. 'चॅट जीपीटी' ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. जुलै २०२५ मध्ये गूगलने भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपली सशुल्क सेवा वर्षभर फुकट देऊ केली. त्याच महिन्यात एअरटेलच्या ग्राहकांना 'परप्लेक्सिटी' वर्षभर फुकट मिळाली. ऑक्टोबरअखेरीस जिओच्या ग्राहकांसाठी गूगलची सेवा दीड वर्षासाठी विनामूल्य झाली आणि तिचा आरंभ झाला तो १८ ते २५ या वयोगटापासून. ४ नोव्हेंबर २०२५ पासून 'ओपन एआय'नेही महिना ३९९ रुपयांची आपली सेवा भारतीयांना वर्षभर मोफत दिली. चार महिन्यांत एवढे दातृत्व! या कंपन्यांना भारतीय विद्यार्थ्यांचा असा कळवळा अचानक का आला असेल?

जुन्या पिढीतील काहींनी ऐकले असेल, की गेल्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या प्रचारकांनी गावोगाव, बाजारांत, रेल्वे स्थानकांवर लोकांना चहा फुकट पाजला. तेव्हा घरोघर चहा नव्हता. लोकांनी फुकट आहे म्हणून घेतला, सवय लागली आणि मग ते विकत घेऊ लागले. आज चहावाचून आपली सकाळ होत नाही. चहाने फारसे बिघडले नाही, हे खरे. परंतु विचार करण्याची सवय सुटली आणि विचार विकत घेण्याची सवय जडली, तर काय बिघडेल याचा हिशेब कोणी मांडायचा? मेकॉलेने १८३५ मध्ये आपल्या टिपणात इंग्रजांच्या अभिरुचीचा आणि बुद्धीचा एक वर्ग या देशात घडवण्याचा मनोदय मांडला होता. त्यासाठी त्याला शाळा काढाव्या लागणार होत्या. आता शाळेचीही गरज उरली नाही. तळहातावरचा पडदा पुरेसा आहे, आणि त्या पडद्यापाशी आपण आपल्या पायांनी चालत जात आहोत.

केवळ तक्रार करून भागणार नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपयांचे 'इंडिया एआय' अभियान मंजूर केले. भारतीय भाषांसाठी 'भाषिणी' उपक्रम २०२२ मध्येच सुरू झाला. पवईच्या आयआयटीच्या पुढाकाराने 'भारतजेन' हा प्रकल्प भारतीय भाषांचे स्वतःचे प्रतिमान घडवण्यासाठी उभा राहिला आहे. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु स्वदेशी यंत्रानेही आपल्या मुलाचा स्वाध्याय लिहून दिला, तर तो पराध्यायच ठरेल. स्वदेशीचा पहिला अर्थ स्वतःच्या बुद्धीने चालणे हा आहे.

पोलिसगिरी हा उपाय नव्हे

यावर काही शिक्षणसंस्थांनी सोपा उपाय शोधला आहे: यंत्राने लिहिलेले पकडणारे दुसरे यंत्र विकत घ्यायचे. चोर पकडायला चोराचाच भाऊ! या उपायाचा फोलपणा सिद्ध झालेला आहे. 'ओपन एआय'ने स्वतः असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढले आणि अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षीच्या जुलैत मागे घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी सरासरीने यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व निर्दोष सुटले. याचा अर्थ उघड आहे. मराठी माध्यमातून आलेला, साध्या, बेताच्या इंग्रजीत प्रामाणिकपणे लिहिणारा आपला विद्यार्थी या कोतवालाच्या हाती प्रथम सापडणार आणि सराईत लबाड सहज निसटणार.

विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्यासंबंधी २०१८ मध्ये नियम केले. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आणि पुढे टप्प्याटप्प्याने दंड, अशी रचना आहे. परंतु हे नियम साम्य मोजतात. यंत्राचा मजकूर कोणाशीच जुळत नाही, म्हणून तो या जाळ्यातून अलगद सुटतो. चोरीचा माल नवा कोरा दिसतो, एवढाच याचा अर्थ.

आणि सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. यंत्र येण्यापूर्वी काय होते? सबमिशनच्या आठवड्यात महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या वर्षीचे प्रकल्प मिळत होते; नाव बदलायचे, नवे मुखपृष्ठ लावायचे, स्पायरल बाइंडिंग करायचे. वरच्या वर्गाचे जर्नल खालच्या वर्गाने उतरवायचे, ही तर परंपराच झाली होती. घरोघर पालक विचारत होते, 'जर्नल पुरे झाले का?' 'कळले का?' हे कोणी विचारत नव्हते. यंत्राने ही कीड आणलेली नाही. आतून पोखरलेले खोड त्याने फक्त उघडे पाडले.

मागे कोण उभे आहे?

मग करायचे काय? आपल्या परंपरेने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. ज्ञानाची परीक्षा आपल्याकडे मुखाने होत असे. शास्त्रार्थात उभा राहिलेला पंडित आपल्या सिद्धान्तामागे स्वतः उभा असे; प्रतिपक्षी विचारील त्या शंकेला त्यालाच उत्तर द्यावे लागे. न्यायशास्त्राने तर सत्यासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि केवळ खोडून काढण्यासाठी होणारी वितंडा असा सूक्ष्म भेद केला. तेथे उसन्या बुद्धीचा निभाव लागणे शक्य नव्हते.

म्हणून नियम एकच असावा आणि तो सर्वांना कळेल असा असावा: ज्या वाक्यामागे उभे राहता येत नाही, ते वाक्य आपल्या नावाने देऊ नये. या नियमात यंत्राला जागा आहे. न कळलेली संकल्पना त्याच्याकडून मराठीत समजून घ्या. स्वतः लिहिलेला मसुदा त्याला दाखवून त्यातल्या उणिवा विचारा. परीक्षेपूर्वी त्याच्याकडून प्रश्न काढून घ्या आणि उत्तरे स्वतः लिहा. ज्या खेड्यात शिकवणीची सोय नाही, तेथील विद्यार्थ्याला रात्री अकरा वाजता शंका विचारायला जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाही. मात्र त्याने सांगितलेला प्रत्येक संदर्भ मूळ पुस्तकात पाहा आणि कोठे त्याची मदत घेतली, हे स्वाध्यायाच्या शेवटी दोन ओळींत स्वच्छ लिहा. उसने घेणे हा अपराध नाही. उसने आपले म्हणून मिरवणे हा अपराध आहे.

महाविद्यालयांनी प्रत्येक स्वाध्यायानंतर पाच मिनिटांची मौखिक परीक्षा सक्तीची करावी आणि निम्मे गुण तिला द्यावेत. तीन प्रश्नांत खरे-खोटे कळते. विषयही असे द्यावेत, की ज्यांचे उत्तर पडद्यावर तयार नाही. आपल्या गावच्या बारवेचे मोजमाप, आजीला मुखोद्गत असलेल्या ओव्या, देवळातील शिलालेख, तालुक्याच्या बाजारातील कांद्याचे महिनाभराचे भाव, ओढ्याकाठच्या विहिरींची पाणीपातळी. अशा विषयावर लिहायचे, तर विद्यार्थ्याला उठून जावेच लागेल. भारतीय ज्ञानप्रणालीचा याहून खरा अभ्यास दुसरा नाही. आणि हे लेखन मराठीत करण्याची पूर्ण मुभा असावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण ढोल वाजवले. परंतु इंग्रजीच्या धाकानेच पुष्कळ मुले यंत्राकडे वळतात. ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत लिहू दिले, तर निम्मे प्रलोभन आपोआप गळून पडेल.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील: वर्गात सव्वाशे विद्यार्थी, तोंडी परीक्षा घ्यायची केव्हा आणि घ्यायची कोणी? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. राज्यातील महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिक्त राहिली, तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात तरुण अध्यापकांना राबवले गेले. नव्या धोरणाची भाषा करायची आणि शिकवणारा माणूस मात्र नेमायचा नाही, हे चालणार नाही. सरकार आपल्या विचारांचे असले, तर हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच येते. गुरूवाचून गुरुकुलाची घोषणा हा निव्वळ देखावा होय.

पालकांनीही आरशात पाहावे. मुलाच्या गुणपत्रिकेवरील टक्क्यांची बढाई मारणाऱ्या घरात एक साधा प्रयोग व्हावा. रात्री जेवताना मुलाला विचारावे: 'आज जो प्रकल्प दिलास, तो पाच मिनिटांत आम्हाला समजावून सांग.' सांगता आला, तर यंत्र वापरले असले तरी चिंता नाही. सांगता आला नाही, तर गुण कितीही मिळोत, चिंतेचे कारण आहे.

आणि विद्यार्थी क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय केवळ निवेदनांपुरता ठेवू नये. ज्ञान, शील, एकता ही त्रिसूत्री घेऊन अभाविपचे काम १९४९ पासून चालू आहे. या प्रश्नात ज्ञानापेक्षाही शीलाची परीक्षा आहे. छात्रावासात, अभ्यासवर्गात, शाखेनंतरच्या गप्पांत ही गोष्ट बोलली गेली पाहिजे. 'माझा स्वाध्याय मी स्वतः करीन' असे म्हणणारे दहा विद्यार्थी एका महाविद्यालयात उभे राहिले, तर अकराव्याला लाज वाटू लागते. समाज बदलतो तो असाच, नियमावलीने नव्हे.

उद्या हीच मुले पूल बांधतील, रोग्यांवर उपचार करतील, न्यायालयात उभी राहतील, इतिहास लिहितील. पुलाला तडा गेला, तर यंत्राला जाब विचारता येणार नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची. ती सही करण्याची पात्रता आज, या लहानशा स्वाध्यायाच्या वहीत घडत असते. तेव्हा ती वही ज्याच्या नावाची, त्यानेच ती लिहावी.